देणाऱ्याचा हात कुठवर?

२०१९च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात वरच्या कठड्यांवरून हजारो चिठ्ठ्या खाली उधळल्या गेल्या. डॉक्टर औषध लिहून देतात तशा दिसणाऱ्या. तळमजल्यावर काही माणसं मेल्यासारखी निपचित पडून होती. छायाचित्रकार नॅन गोल्डिन आणि तिच्या गटाचं ते आंदोलन होतं. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. त्या गोळ्या बनवणारी परड्यू फार्मा सॅकलर कुटुंबाची, आणि संग्रहालयातल्या कला-शिक्षण केंद्रावर नावही सॅकलरांचंच. पुढच्याच महिन्यात संग्रहालयाने त्यांच्या देणग्या यापुढे घेणार नसल्याचं जाहीर केलं. २०२२मध्ये ती पाटीही उतरली.

झालं ते योग्यच झालं. पण या प्रकारात एक मोठी सोय आहे. पैसा डागाळलेला की स्वच्छ, एवढं एकदा ठरवलं की आपलं काम संपलं असं वाटू लागतं. मग ज्यांचं नाव थेट इमारतीवर आहे त्या गुगनहाइमांचं काय? त्यांची संपत्ती तांब्याची. मेक्सिकोतल्या भट्ट्या, अलास्कातल्या खाणी, चिलीमधल्या चुकिकामाता आणि एल तेनिएन्ते या अवाढव्य खाणी. एल तेनिएन्तेत १९४५च्या जूनमध्ये धुराने कोंडून ३५५ कामगार मेले. तोवर ती खाण केनेकॉट कंपनीकडे गेलेली होती, पण केनेकॉट उभी राहिली तीच मुळात गुगनहाइमांच्या पुढाकाराने. तांबं, पोलाद, तेल, साखर... खणत गेलं तर जगातल्या फार थोड्या संग्रहालयांच्या पायाखाली स्वच्छ माती सापडेल.

म्हणून पैसा कुठून आला हा प्रश्न सोडून द्यावा असं मी म्हणत नाही. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारला जात नाही, ही माझी तक्रार आहे. पैसा दिल्यानंतर देणाऱ्याचा हात कुठवर पोहोचतो? कुणाला नेमायचं, कुणाला काढायचं, काय टांगायचं, काय छापायचं, हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे किती आणि किती काळ राहतो? कलेला आश्रय देणाऱ्याची पारख मी यावर करेन. आणि त्यासाठी याच घराण्यातला एक माणूस फार उपयोगी आहे, कारण त्याने एका आयुष्यात दोन्ही करून दाखवलं. हात मागेही ठेवला आणि गळ्याभोवती आवळलाही.

हॅरी फ्रँक गुगनहाइम. जन्म १८९०, मृत्यू १९७१. डॅनियल गुगनहाइमचा मुलगा. येलमधून लवकरच बाहेर पडला, मेक्सिकोत कामाला लागला, केंब्रिजमध्ये शिकला, मग चिलीच्या खाणींवर गेला. १९१७मध्ये स्वतःच्या पैशाने कर्टिस कंपनीचं पाण्यावर उतरणारं विमान घेतलं, उडायला शिकला आणि अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात वैमानिक झाला. फ्रान्स, इंग्लंड, इटली असं त्याचं पहिलं महायुद्ध गेलं. शत्रूची विमानं पाडणाऱ्या नामवंतांच्या यादीत तो नाही. दुसऱ्या महायुद्धात, पन्नाशी उलटल्यावर पुन्हा गणवेश चढवून त्याने न्यू जर्सीतला नौदलाचा मर्सर विमानतळ सांभाळला. मधल्या काळात क्यूबात राजदूत, पुढे वृत्तपत्राचा मालक, घोड्यांच्या शर्यतींतलं बडं नाव, आणि उतारवयात आधुनिक कलेच्या जगप्रसिद्ध संग्रहालयाचा सर्वेसर्वा. असं आयुष्य वाचलं की चरित्रकारांना ‘बहुआयामी’ म्हणायचा मोह होतो. मला मात्र त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते: पैसा हॅरीचा आणि डोकं दुसऱ्याचं, अशी गाठ पडते, आणि मग काय होतं ते पाहायचं.

पहिली गाठ विमानांची. १९२६मध्ये डॅनियलने विमानविद्येच्या प्रसारासाठी २५ लाख डॉलरचा निधी काढला आणि हॅरीला अध्यक्ष केलं. त्या वेळी अमेरिकेत विमान म्हणजे जत्रेतली कसरत, नाहीतर जिवावर उदार होऊन टपाल नेणारा वैमानिक. प्रवासी विमानात बसायला धजत नव्हते आणि प्रवासी नाहीत म्हणून कुणी पैसा घालत नव्हतं. निधीने विमानं बांधायचा कारखाना काढला नाही. कॅलटेक, एमआयटी, स्टॅनफर्ड, मिशिगन अशा ठिकाणी विमानशास्त्राच्या शिक्षणाला पैसा दिला. जर्मनीतल्या आखेनहून विमानशास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान कॅलिफोर्नियात आला तो या पैशामुळे. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को मार्गावर हवामानाची माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचवायची व्यवस्था कार्ल-गुस्ताफ रॉसबी या तरुण हवामानशास्त्रज्ञाने बसवली. वेस्टर्न एअर एक्सप्रेस या कंपनीला प्रवासी वाहतुकीसाठी दिलं ते अनुदान नव्हतं, कर्ज होतं. आणि ते फिटलं.

यातला एक प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. २४ सप्टेंबर १९२९, लाँग आयलंडवरचं मिचेल फील्ड. वैमानिक जिमी डूलिटल विमानात बसला आणि त्याच्या डोक्यावरून कापडी झाकण ओढून घट्ट बंद केलं गेलं. बाहेरचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. समोर फक्त तबकड्या: कोल्समनचा उंचीमापक, स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो, आणि धावपट्टीची दिशा सांगणारा रेडिओ-संकेत. पुढच्या बैठकीवर बेन केल्सी होता, गरज पडली तरच हात घालायचा या अटीवर. डूलिटलने विमान उचललं, वळवलं, परत आणलं आणि उतरवलं. पंधरा मिनिटांचा खेळ. आज धुक्यात किंवा रात्री विमान उतरतं तेव्हा प्रवासी मान वर करूनही बघत नाहीत, त्याची सुरुवात तिथली आहे. हा प्रयोग ज्या प्रयोगशाळेने केला तिचा खर्च निधीचा होता. कुठली तबकडी कुठे बसवायची हे हॅरीने सांगितलं नाही, आणि तो स्वतः वैमानिक असल्याने हा मोह सोपा नव्हता.

आणि १९३० उजाडताच निधी बंद. पैसा संपला म्हणून नव्हे. ज्यासाठी काढला होता ते काम झालं म्हणून. अशी संस्था बंद करणं किती कठीण असतं हे कुठल्याही विश्वस्ताला विचारा. कार्यालय असतं, माणसं असतात, मान असतो, दरवर्षी पाया पडायला येणारे असतात. चार वर्षांत हे सगळं गुंडाळलं गेलं. त्या घराण्याने केलेलं सगळ्यात चांगलं दान मला हेच वाटतं.

रॉबर्ट गॉडार्डची गोष्ट जास्त अवघड. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या शब्दाखातर डॅनियलने या रॉकेटवेड्या प्राध्यापकाला चार वर्षांसाठी एक लाख डॉलर कबूल केले. गॉडार्ड न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलजवळच्या माळावर जाऊन बसला. १९३२ ते १९३४ मदत थांबली, मग हॅरीच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाली आणि १९४१पर्यंत चालली. अंतराळात जाऊ पाहणारं रॉकेट अडीच-तीन किलोमीटरच्या वर काही गेलं नाही. गॉडार्ड कमालीचा आतल्या गाठीचा. कॅलटेकच्या मंडळींबरोबर मिळून काम कर, म्हणून हॅरीने प्रयत्न केला; गॉडार्ड बधला नाही. हॅरीचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं. पण ऐकलं नाही म्हणून त्याने तिजोरीला कुलूप लावलं नाही. गॉडार्ड गेल्यानंतर, १९६०मध्ये, त्याच्या पेटंटांच्या वापरापोटी अमेरिकी सरकारला दहा लाख डॉलर मोजावे लागले. अर्थात हे फळ आलं नसतं तरी माझं मत बदललं नसतं.

इथे कुणी म्हणेल, विज्ञानात ठीक आहे, तिथे देणाऱ्याला कळत नाही हे त्यालाच ठाऊक असतं. कलेत प्रत्येक श्रीमंताला वाटतं की आपल्याला कळतं. खरंय. आणि म्हणूनच हॅरीचं पुढचं प्रकरण बोलकं आहे.

संग्रहालय हॅरीचं स्वप्न नव्हतंच. ते काका सॉलोमनचं, आणि सॉलोमनच्याही आधी हिला रिबे या जर्मन चित्रकर्तीचं. कान्डिन्स्कीची अमूर्त चित्रं विकत घ्यायला तिने लावलं, १९३९मध्ये पूर्व ५४व्या रस्त्यावर पहिलं संग्रहालय तिने मांडलं. करडं कापड लावलेल्या भिंती, जाड रुपेरी चौकटी, चित्रं जमिनीलगत टांगलेली आणि मागे बाखचं संगीत. लोक हसायचे. १९४३मध्ये वास्तुकार फ्रँक लॉइड राइटला पत्र लिहून आत्म्याचं मंदिर बांधून मागितलं तेही तिनेच. सॉलोमन १९४९मध्ये गेला आणि तिचा आधार तुटला. संग्रहालयाचा कारभार एकांगी आहे अशी टीका वर्तमानपत्रांतून होत होतीच. १९५२मध्ये तिला संचालकपद सोडावं लागलं. इमारतीचं उद्घाटन २१ ऑक्टोबर १९५९ला झालं तेव्हा तिला निमंत्रण नव्हतं. त्या इमारतीत तिने शेवटपर्यंत पाऊल टाकलं नाही.

माझ्या मताला हे प्रकरण जड जातं, ते लपवत नाही. रिबेचा हट्ट चालू राहिला असता तर संग्रहालय तिच्या आवडीच्या चित्रांपुरतंच राहिलं असतं, पिकासो आणि शगाल गोदामात पडून राहिले असते. तिच्यानंतर ब्रांकुसीची शिल्पं आली, कक्षा रुंदावली. तरीही जिने सगळं सुचवलं तिला दारातून आत बोलवायचं की नाही हे ज्यांच्या आडनावाचं संग्रहालय त्यांच्या मर्जीवर राहावं, हे मला कुठल्याही बाजूने बरं वाटत नाही. तिला हटवण्याचा निर्णय रास्त असेलही. निमंत्रण न देणं हा निव्वळ कोतेपणा होता, आणि त्याचा जाब विचारायला कुणालाही जागा नव्हती.

राइटच्या बाबतीत मात्र हॅरी वेगळाच दिसतो. त्याची स्वतःची आवड पाहायची तर लाँग आयलंडच्या सँड्स पॉइंटवरचं ‘फालेझ’ हे त्याचं घर पाहावं: नॉर्मंडीतल्या गढीच्या धाटणीचं, आत युरोपातलं जुनं लाकडी सामान आणि मध्ययुगीन मूर्ती. असा माणूस पाचव्या अॅव्हेन्यूवर काँक्रीटचा उलटा शंकू उभा करायला पैसा ओततो आहे. १९५६च्या डिसेंबरात डी कूनिंग, क्लाइन, मदरवेल यांच्यासह २१ चित्रकारांनी विश्वस्तांना पत्र लिहून कळवलं की उतरत्या फरशीवर आणि कललेल्या भिंतींवर चित्रं लावणं म्हणजे चित्रांचा अपमान आहे. हॅरीकडे माघार घ्यायला याहून चांगलं निमित्त नव्हतं. त्याने इमारत राइटच्या नकाशाप्रमाणेच पुरी करून घेतली.

आतल्या बाजूला दुसरं भांडण. राइटला भिंतींना पिवळसर छटा आणि वरून येणारा नैसर्गिक उजेड हवा होता, चित्रं भिंतीसारखीच मागे कललेली. संचालक जेम्स जॉन्सन स्वीनीला पांढरीशुभ्र भिंत आणि विजेचे दिवे हवे होते. त्याने चित्रं भिंतीवर टेकवलीच नाहीत. भिंतीतून लोखंडी दांडे काढून त्यांवर ती अधांतरी बसवली. राइट १९५९च्या एप्रिलमध्ये वारला आणि आतल्या मांडणीत स्वीनीचं चाललं. बाहेरचा आकार वास्तुकाराचा, आतली मांडणी संचालकाची, आणि ज्याच्या घराण्याचा पैसा त्याची आवड कुठेच नाही! कलेच्या आश्रयाची ही व्यवस्था मला कुठल्याही सुसंस्कृत एकमतापेक्षा आवडते.

पण ती टिकली किती? १९६०मध्ये स्वीनीने राजीनामा दिला. संग्रहालयाचा उपयोग कशासाठी, याबद्दल माझी आणि विश्वस्तांची ध्येयं जुळत नाहीत, असं त्याने कारण दिलं. विश्वस्तांना सामान्य माणसासाठी संग्रहालय जास्त खुलं करायचं होतं. उद्देश वाईट नव्हता. अडचण अशी की हात मागे ठेवणं ही हॅरीची सवय होती, त्याच्यावरचं बंधन नव्हतं. सवय मोडायला एक वाईट सकाळ पुरते.

याचा पुरावा त्याच्या वृत्तपत्रात सापडतो. ‘न्यूजडे’ १९४०मध्ये निघालं, ते चालवलं त्याची तिसरी पत्नी अलिशिया पॅटरसन हिने. पैसा हॅरीचा, संपादन तिचं, मालकीत त्याचे ५१ टक्के आणि तिचे ४९. या दोन टक्क्यांवरून त्यांच्यात आयुष्यभर खटके उडाले आणि त्याने ते दोन टक्के कधीही सोडले नाहीत. १९६०च्या निवडणुकीत ती केनेडीच्या बाजूची, तो निक्सनच्या. दोघांची मतं पेपरात छापून आली, इथपर्यंत छानच. (त्याच्या डार्क स्टार घोड्याने १९५३ची केंटकी डर्बी जिंकली, आणि पुढच्याच वर्षी ‘न्यूजडे’ला पुलित्झर मिळालं ते शर्यतींच्या धंद्यातली लाचलुचपत उघडी पाडल्याबद्दल. मालक घोड्यांचा शौकीन असून बातमी थांबली नाही, हे अलिशियाचं श्रेय.) १९६३मध्ये ती गेली. १९६७मध्ये हॅरीने बिल मॉयर्सला प्रकाशक नेमलं, आणि मग व्हिएतनाम युद्धाबद्दल पेपर काय म्हणतोय हे वाचून त्याचा पारा चढू लागला. १९७०मध्ये पेपरला दोन पुलित्झर मिळाली. त्याच वर्षी त्याने आपला हिस्सा टाइम्स मिरर कंपनीला विकून टाकला आणि मॉयर्सला जावं लागलं. गॉडार्डने ऐकलं नाही तेव्हा थंड राहिलेला माणूस हाच. फरक इतकाच की रॉकेटला राजकीय मत नसतं.

डेन्मार्कचा चित्रकार आस्गर यॉर्न याला हे फार आधी कळलं असावं. १९६४मध्ये त्याला गुगनहाइम पुरस्कार जाहीर झाला, तर त्याने हॅरीलाच तार ठोकली: तुझ्या पैशासकट नरकात जा, मी मागितलेलं नव्हतं, माझ्या इच्छेविरुद्ध मला तुझ्या जाहिरातीत ओढू नकोस. भाषा शिवराळ होती. पण बिनमागितल्या सन्मानातही देणाऱ्याचा फायदा असतो आणि घेणाऱ्याला नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते, हा त्याचा मुद्दा आजही कुणी नीट खोडलेला नाही.

हॅरी १९७१च्या जानेवारीत गेला. तीनच महिन्यांत संग्रहालयाने हान्स हाके या कलावंताचं ठरलेलं प्रदर्शन रद्द केलं, कारण त्यात न्यूयॉर्कमधल्या एका घरमालकाच्या मालमत्तांची नोंदवार मांडणी होती. आयोजन करणाऱ्या एडवर्ड फ्राय यालाही काढलं. यात हॅरीचा हात नव्हता, आणि त्या घरमालकाशी विश्वस्तांचा संबंध असल्याचंही कधी दिसलं नाही. तरी हाकेने १९७४मध्ये उत्तर दिलं ते फलकांच्या मालिकेने: संग्रहालयाचे विश्वस्त कोण, त्यांतले कोण केनेकॉटशी जोडलेले, आणि चिलीचे अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने राष्ट्रीयीकरण केलेल्या तिथल्या तांब्याशी त्या कंपनीचा संबंध काय. सगळी माहिती सार्वजनिक नोंदींतली. चित्रासारखी चौकटीत घालून भिंतीवर लावलेली.

या सगळ्यावर उपाय म्हणून सरकारने कला पोसावी असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. सरकारचाही हात असतो, आणि तो दर निवडणुकीला बदलतो. दुसरीकडे, पैसा ज्याचा त्याची मर्जी, असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. अमेरिकेत धर्मादाय देणगीवर आयकरात सूट १९१७पासून आहे, म्हणजे हॅरी विमान शिकत होता त्याच वर्षापासून. त्या सुटीमुळे जो कर सरकारला मिळाला नाही तो शिक्षक, टपालवाले, खाणकामगार यांनी भरून काढला. देणगीत त्यांचाही वाटा आहे. तेव्हा अटी घालायचा हक्क एकट्या देणगीदाराचा कसा?

अटी काय असाव्यात याबद्दल मी हटून बसणार नाही, पण दोन गोष्टी सोडणार नाही. देणगीदाराच्या कुटुंबातल्यांना विश्वस्त मंडळात बहुमत नको, आणि संचालकाला नेमणं-काढणं त्यांच्या हाती नको. नाव द्यायचं तर मुदतीने द्यावं, वीस वर्षं किंवा तीस. डॅनियलचा निधी चार वर्षांत मिटला म्हणून त्याचं काम पुसलं गेलं नाही.

मुदत नसली की काय होतं ते याच घराण्यात दिसतं. हॅरीची चुलतबहीण पेगी हिने व्हेनिसमधला आपला वाडा आणि त्यातला संग्रह गुगनहाइम संग्रहालय चालवणाऱ्या फाउंडेशनला दिला. हॅरीशी तिचे संबंध बरे होते, न्यूयॉर्कची इमारत मात्र तिला गॅरेज वाटायची. तिची अट होती की संग्रह व्हेनिसमध्येच राहावा. ती १९७९मध्ये वारली. पस्तीस वर्षांनी तिचे काही वारस पॅरिसच्या न्यायालयात भांडत होते: वाड्यात दुसऱ्या संग्राहकांची चित्रं का लावली, त्यांची नावं का झळकवली, आजीने मांडलं होतं तसं का नाही. न्यायालयाने दावा फेटाळला, अपिलातही तेच झालं. निकाल मला पटला. पण तोपर्यंत संग्रहालयाचा पैसा वकिलांवर खर्च झाला तो झालाच. कुठली भिंत कुणाची हे दान देतानाच एका ओळीत, तारखेसह लिहून ठेवता आलं असतं.